आठ दिवसांसाठी ठेवलेली शेरनी

दिवाळी जवळ आली की अजूनही माझा फोन वाजायला लागतो. "काकू, आम्ही केरळला निघालोय, ब्रूनोला ठेवून घ्याल ना?" मी नाही म्हणते. समोरच्याला वाटतं, जागा भरली असेल. तो म्हणतो, "एखादा कोपरा द्या हो, लहानच आहे तो." कोपरे काय, सगळ्या खोल्याच रिकाम्या आहेत. मी काम बंद केलं, एवढंच. का, ते फोनवर सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

काम काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण असं काही काम असतं यावरच पुष्कळांचा विश्वास बसत नाही. माणसं गावाला गेली की त्यांची कुत्री सांभाळायची. नगरला सावेडीच्या पलीकडे आमची थोडी जमीन होती. तेव्हा तिथे बाभळी आणि एक वीटभट्टी, बाकी काही नाही. आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते आणि त्यांचे हात स्वस्थ बसत नव्हते. त्यांनी पत्र्याची शेड उभी केली, आत लोखंडी जाळीच्या खोल्या केल्या, प्रत्येक खोलीपुढे छोटं अंगण. आमचे नातेवाईक त्याला 'कुत्र्यांचं लॉज' म्हणायचे आणि हसायचे. मीही हसायचे. पुढे नगरमधली बरीच घरं सहलीच्या तारखा मला विचारून ठरवायला लागली, तेव्हा नातेवाइकांनीही हसणं सोडलं.

घरचं कुत्रं परक्या जागी पहिल्या दिवशी जेवत नाही. दाराकडे तोंड करून बसतं. मी मालकांना सांगायचे, "नवी चादर आणू नका, तुमचा मळलेला बनियन आणा." मोठमोठ्या बंगल्यांतले लोक ओशाळून पिशवीतून बनियन काढून द्यायचे. रात्री कुत्रं त्यावर नाक ठेवून झोपायचं आणि सकाळी जेवायचं. दुसरी गोष्ट दारांची. आमच्या प्रत्येक अंगणाला दोन दारं होती. एक नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. अनोळखी दोन कुत्री कधी एकत्र सोडायची नाहीत, मग मालक काहीही सांगो. "आमचा कुणाला काही करत नाही हो," हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एक निवृत्त प्राध्यापक रोज संध्याकाळी फोन करायचे आणि तो त्यांच्या पामेरियनच्या कानाला लावायला सांगायचे. पलीकडून शुद्ध मराठीत चौकशी चालायची आणि इकडे तो गडी माझा फोन चाटत बसायचा. एका घरातलं लॅब्राडोर मात्र मालक न्यायला आले तेव्हा शेपूट हलवून भेटलं आणि परत जाऊन आपल्या खोलीत बसलं. बाई रडायला लागल्या. त्यांना काय सांगणार? घरी ते दिवसभर बाल्कनीत बांधलेलं असायचं, हे त्यांनीच मला आधी सांगितलं होतं.

आणि काही जण न्यायला यायचेच नाहीत. आधी "पुढच्या रविवारी नक्की", मग फोन नुसता वाजत राहायचा, मग बंद. बदली झालेली असायची, घरात बाळ आलेलं असायचं, कधी नवरा-बायको वेगळे झालेले असायचे. अशा कुत्र्यांना आम्ही माहेरवाशिणी म्हणायचो. म्हातारपणापर्यंत ती आमच्याकडेच राहायची.

कामाला लक्ष्मीबाई होती. पाथर्डीकडची. बरीच वर्षं ऊसतोडीला जायची. नवरा गेल्यावर तिने कोयता ठेवून दिला आणि नगरला राहिली. आमच्या फाटकाजवळच्या खोलीत एकटीच राहायची. गल्लीतली, भट्टीवरची भटकी कुत्री तिच्या दारात जमायची. उरलंसुरलं तीच त्यांना घालायची. त्यातल्या काळ्या कुत्रीवर तिचा फार जीव. ती कुत्री लक्ष्मीबाईच्या उंबऱ्यावर आडवी झोपायची.

मी एकदा म्हटलं, "लक्ष्मीबाई, आतून कडी लावत जा. बाई माणूस तू एकटी."

"काळी हाय की," ती म्हणाली. "कडी कशाला लागती मला?"

शेरनी आली ती सोनईच्या विशालबरोबर. घरचं खताचं दुकान, बरी शेती, आईवडील सज्जन. पोरगा पंचविशीतला, मोठी गाडी, मागच्या सीटवर ही बसलेली. पिटबुल, वर्षाचीही झाली नसेल. कान घरीच कात्रीने कापलेले, त्यामुळे एक उभा आणि एक वाकडा.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मित्राने. लूक येतो काकू."

"दुसऱ्या कुत्र्यांची सवय आहे का हिला?"

"नाही. गच्चीवर एकटीच असते. घरात लग्न आहे, पाहुणे घाबरतात. आठच दिवस ठेवा."

लक्ष्मीबाई लांबूनच बघत होती. गाडी गेल्यावर म्हणाली, "ताई, ह्ये कुत्रं न्हाई. वाघाची अवलाद हाय. मी हिच्या खोलीत जायाची न्हाई."

पिटबुलबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. एकाला तो राक्षस वाटतो. दुसरा सांगतो, प्रेम दिलं की तो मांजरासारखा वागतो. मी त्यांच्याबरोबर राहिले आहे, म्हणून मला दिसलं ते सांगते. ही जात माणसाने कुत्र्याशी झुंजवायला तयार केली. पिढ्यान् पिढ्या जे झुंजीत मागे हटले नाहीत तेच ठेवले. ते रक्तात उतरलं. त्याला प्रेमाचा इलाज नाही, दोन दारांचा आहे. माणसांशी मात्र शेरनी लोण्यासारखी होती. माझ्या पायांवर असं अंग टाकायची की मी पडता पडता वाचायचे. माझ्या मांडीत मावत नसताना मांडीत बसायची. आमच्या ह्यांनी आयुष्यभर लोखंडाशिवाय कशाला हात लावला नव्हता. ते दुपारी तिच्या जाळीशी खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले. मी काही म्हटलं की म्हणायचे, "इथे वारा चांगला येतो."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. मग विशालच्या बायकोला दिवस गेले आणि त्याच्या आईने निक्षून सांगितलं की हे जनावर घरात नको. मग अशा जातींवर बंदी येणार म्हणून बातमी आली, पुढे ते कोर्टात अडकल्याचंही ऐकलं. पण घाबरायचे ते लोक घाबरले. एकदा सकाळी तर फाटकाला कुणीतरी पिटबुलचं पिल्लू बांधून गेलं. विशालने फोन केला, "काकू, राहू द्या तुमच्याकडेच. तुम्हाला लळा लागलाय आता." लळा लागला होता हे खरंच होतं. शेरनी माहेरवाशीण झाली.

शेरनीच्या अंगणाच्या जाळीबाहेर वाट होती आणि वाटेपलीकडे लक्ष्मीबाईची खोली. पहिले कित्येक दिवस शेरनी आतून आणि काळी बाहेरून एकमेकींवर तुटून पडायच्या. जाळी थरथरायची. मग भुंकणं कमी झालं. काळीने आधी पाठ फिरवून बसायला सुरुवात केली. एका दुपारी लक्ष्मीबाईने मला हाक मारली. दोघी जाळीला टेकून झोपल्या होत्या, मध्ये फक्त तार.

"बगा ताई, मैतरनी झाल्या."

"हे जाळी आहे तोवर," मी म्हटलं.

"मंग जाळी कोन काढतंय?"

त्यानंतर लक्ष्मीबाईची भीती मोडली. ती शेरनीच्या खोलीत जायला लागली, पाणी बदलायला लागली. तिच्याशी बोलायची ते वेगळ्याच भाषेत, लेकराशी बोलतात तसं.

या सगळ्या वर्षांत वीटभट्टी गेली, बाभळी गेल्या आणि आमच्या तिन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या. आम्ही आधीचे, ते नंतरचे. पण तक्रारी आमच्याबद्दल व्हायला लागल्या. भुंकतात, वास येतो, भटकी कुत्री इथेच जमतात. शेजारच्या सोसायटीचे चेअरमन दोनदा येऊन गेले. भले गृहस्थ, आवाज कधी चढवला नाही. "मॅडम, आमच्याकडे लहान मुलं आहेत," एवढंच म्हणायचे. त्यांचं चूक होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. भटक्या कुत्र्यांच्या टोळीसमोरून पोराला शाळेत सोडायला जायचं, तर भीती वाटणारच. आम्ही काळीसकट सगळ्यांची नसबंदी करून घेतली, लशी टोचल्या. पण एवढ्याने कुणाचं समाधान झालं नाही. लोकांना कुत्री नकोच होती.

त्या दिवशी दुपारी मी स्कूटरवर बाजारात गेले होते, कुत्र्यांच्या भातासाठी कणी आणायला. मागे घडलं ते मला ह्यांनी सांगितलं.

विशाल आला. बरोबर दोन मित्र. मधल्या सगळ्या काळात तो एकदाही फिरकला नव्हता. आता कुणाला तरी शेरनीची पिल्लं हवी होती. त्यासाठी नर ठरला होता आणि आधी तिचा व्हिडिओ काढायचा होता. हे म्हणाले, "मंदा बाजारात गेलीय. ती आली की काढू बाहेर."

"काका, कुत्रं माझंच आहे ना?"

"असेल. पण इथे दारांची पद्धत आहे."

"माझ्या ऐकण्यातली आहे ती."

आणि शेरनीने त्याला ओळखलं. इतक्या दिवसांनी आलेल्या त्या पोराला तिने वासावरून ओळखलं आणि ती आनंदाने जाळीवर उड्या मारायला लागली. विशालला वाटलं, बघा, ऐकते की नाही माझं. आमचा साधा पट्टा काढून त्याने बाजारातून आणलेला काटेरी पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि आतलं दार उघडलं. बाहेरचं दार त्याच्या मित्राने आधीच सताड उघडून धरलं होतं. व्हिडिओला उजेड हवा होता. हे ओरडले. पण काळी रोजच्यासारखी जाळीशी पडली होती आणि परकी माणसं बघून उठून भुंकली.

मी पोचले तेव्हा शेरनीने काळीचा गळा धरला होता.

अशा वेळी ओढायचं नसतं. ओढलं की मांस फाटतं. मारायचंही नसतं, मार बसला की पकड आणखी घट्ट होते. पट्टा मागून पिळायचा, श्वास कोंडला की जबडा सैल पडतो. नाहीतर दाढांच्या मागे लाकडी पाचर घालून फिरवायची. ह्यांनी तशी पाचर करून शेडमध्ये टांगून ठेवली होती आणि ते ती आणायला धावले होते. मी पट्टा धरला तर काटे माझ्या तळव्यात घुसले, पिळता येईना. विशाल शेरनीचे मागचे पाय धरून ओढत होता. त्याच्या एका मित्राने कुठूनतरी लोखंडी पाइप आणला आणि तिच्या तोंडावर हाणायला लागला. दुसरा मोबाईल धरून उभा होता. मी ओरडत होते, "मारू नको! ओढू नको!" कुणी ऐकलं नाही.

लक्ष्मीबाई धावत आली आणि तिने सरळ दोघींच्या मध्ये हात घातला.

काळी जिवाच्या आकांताने जे तोंडाशी येईल त्याला चावत होती. तिने लक्ष्मीबाईचा हात फोडला. तेवढ्यात हे पाचर घेऊन आले आणि पकड सुटली. ह्यांनी शेरनीला आत ढकलून दार लावलं. काळी लक्ष्मीबाईच्या मांडीवर गेली. फार वेळ लागला नाही.

तोवर तिन्ही बाजूंच्या बाल्कन्या भरल्या होत्या. माणसं खाली उतरली. "पिटबुलने बाईला फाडलं," अशी ओरड झाली. लक्ष्मीबाई काळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, कोपरापासून रक्त गळत होतं. तिने वर बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "तिनं न्हाई चावलं मला. माज्या काळीनं चावलं. शेरनीनं मला दातबी लावला न्हाई."

चेअरमन म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरल्या आहात. आधी दवाखान्यात चला."

"घाबरले न्हाई मी. माजा हात हाय, मला ठाव न्हाई व्हय कोन चावलं?"

पण मोबाईलमधल्या चित्रात एक पिटबुल होता आणि एक रक्ताळलेली बाई होती. संध्याकाळपर्यंत ते चित्र नगरभर फिरलं. खाली लिहिलेलं होतं ते लिहीत नाही. विशाल आणि त्याचे मित्र त्या गर्दीतच निघून गेले होते.

मी लक्ष्मीबाईला सरकारी दवाखान्यात नेलं. टाके पडले, रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली. काळीला लस टोचलेली होती हे मी सांगितलं, तरी डॉक्टरांनी ती घ्यायलाच लावली आणि ते बरोबरच होतं.

विशालला मी फोन केला. आधी त्याने उचलला नाही. मग उचलला तेव्हा म्हणाला, "काकू, कुत्रं तर मी केव्हाच तुम्हाला देऊन टाकलं होतं. माझं नाव कुठे घेऊ नका. घरी बाळ आहे." दुपारी जे कुत्रं त्याचं होतं, ते संध्याकाळी माझं झालं होतं.

शेरनीचा जबडा पाइपच्या मारांनी मोडला होता. आमचे नेहमीचे जनावरांचे डॉक्टर तरुण आहेत, मनाने चांगले. त्यांनी तपासून सांगितलं, "मंदाकाकू, तार घालून जोडता येईल. दोन-तीन महिने पातळ भरवावं लागेल. पण त्यानंतर ही राहणार कुठे, ते बघा."

ते मी बघितलं. सोसायट्यांनी मिळून अर्ज दिला होता. पोलीस येऊन गेले, सभ्यपणे बोलले, पण काहीतरी निर्णय घ्या म्हणाले. कुत्री सांभाळणाऱ्या संस्थांना मी फोन केले. पुण्याला केले, नाशिकला केले. पिटबुल म्हटलं की नाही. हिवरे बाजारच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक दूधवाले आहेत, त्यांच्या मळ्यात ठेवू म्हटलं. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला होता. "वहिनी, तुम्ही सांगता ते खरं असेल," ते म्हणाले, "पण माझ्याकडे पन्नास जणांचं येणं-जाणं आहे." नाही म्हणणारा कुणीच वाईट नव्हता. म्हणून तर भांडायलाही कुणी सापडेना.

शेवटी शेरनीला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं मी ठरवलं. जखम मोठी होती, एवढं कारण डॉक्टरांना पुरेसं होतं. मला ते कारण पुढे करता येईल, लोकांपुढे मी तेच केलं. पण शेरनी जबड्यामुळे गेली नाही. तिला ठेवायला पृथ्वीवर जागा नव्हती म्हणून गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी सुई लावली तेव्हा तिने सवयीने माझ्या अंगावर भार टाकला. हे बाहेर थांबले होते. मागच्या बाजूला काळीला पुरलं होतं तिथेच, पण थोडं अंतर ठेवून, आम्ही शेरनीला पुरलं. तिथेही आम्हाला दोन दारं लागलीच.

काम त्यानंतर काही महिने चाललं. एक दिवस विशालचा फोन आला. आवाज अगदी मोकळा. नवं कुत्रं घेतलं होतं, परदेशी, याहून मोठं. "एकदम शांत आहे काकू. आम्ही गोव्याला चाललोय. आठच दिवस ठेवाल ना?" मी फोन बंद केला. त्याच आठवड्यात मी बाकीच्या गिऱ्हाइकांना कळवून टाकलं. ह्यांनी शेडमधला लाइट बंद केला.

भटकी कुत्री एका सकाळी महापालिकेची गाडी येऊन घेऊन गेली. त्यातली काही परत आली, बाकीची नाही.

लक्ष्मीबाई तोवर राहिली होती. हात बरा झाला, दोन बोटं मात्र नीट वळत नाहीत. मग ती म्हणाली की लेकीकडे पाथर्डीला जाते. मी अडवलं नाही. तिला सोडायला स्टॅंडवर गेले. गाडीला वेळ होता. मला इतके दिवस एक गोष्ट विचारायची होती आणि धीर होत नव्हता, ती विचारली.

"लक्ष्मीबाई, शेरनीचा राग येतो का गं अजून?"

"तिचा कशाला?" ती म्हणाली. "तिच्या रगतात हुतं ते. तुमीच सांगितलं हुतं ना मला."

मग तिने पिशवीच्या बंदाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"ताई, तुमच्यावर मातर हाय राग. बोलू का?"

"बोल."

"तुमी तिला मारायला नको हुतं."

मी म्हटलं, "मग काय करायला हवं होतं? तूच सांग. कुठे ठेवलं असतं तिला?"

"मला न्हाई ठाव," लक्ष्मीबाई म्हणाली. "माजी काळी तिनं मारली, तरी सांगते. मारायला नको हुतं."

गाडी लागली. ती चढली, खिडकीशी बसली आणि पलीकडे बघत राहिली. मी गाडी सुटेपर्यंत खाली उभी होते.